नाताळचा डबा, घेणाऱ्याच्या बाजूने : बार्देसच्या एका घरगुती मिठाईचे परीक्षण

खाद्यपदार्थांची परीक्षणे बहुधा विकत घेणारे लिहितात, आणि ते साहजिकही आहे. नाताळच्या भेटीची गोष्ट मात्र वेगळी असते. तिथे पैसे एक जण मोजतो आणि वस्तू दुसऱ्याच्या घरी जाते, त्यामुळे ती कशी होती हे सांगण्याचा खरा अधिकार घेणाऱ्याचा असतो. पण घेणारा सौजन्यापोटी ‘छान होते, आवडले’ एवढेच म्हणून थांबतो आणि देणाऱ्याला नेमके काय पोचले ते कधीच कळत नाही. गेल्या नाताळात आमच्या पुण्याच्या घरी आलेल्या गोव्याच्या मिठाईच्या डब्याविषयी मी म्हणूनच घेणाऱ्याच्या बाजूने सविस्तर लिहीत आहे. डबा पाठवला माझ्या एका जुन्या सहकारी मैत्रिणीने, आणि तो केला बार्देस तालुक्यातल्या एका गावात घरीच मिठाई करणाऱ्या बाईंनी. त्या केवळ ओळखीतून मागणी घेतात आणि हाताला झेपेल त्याहून जास्त काम त्यांना नको असते, म्हणून त्यांचे नाव इथे देत नाही. बार्देस, तिसवाडी आणि सासष्टीतल्या कितीतरी गावांत डिसेंबरमध्ये अशा बाई मागणीप्रमाणे पदार्थ करून देतात, तेव्हा या परीक्षणाचा उपयोग त्यांच्यापैकी कोणाकडूनही डबा मागवताना होऊ शकेल.

ज्यांना गोव्याची ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधीचा आठवडा-पंधरवडा गोडधोड करण्यात जातो आणि नाताळच्या सुमारास त्या पदार्थांचे ताट शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे आणि नातेवाइकांकडे जाते. या ताटाला तिथे कोन्सुआदा म्हणतात. मंगळूरकडचे लोक अशाच पदार्थांना कुस्वार म्हणतात. ताट हिंदू शेजाऱ्यांकडेही जाते आणि चतुर्थीला व दिवाळीला त्यांच्याकडून ख्रिस्ती घरी येते. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला असेल तिथे हे पदार्थ केले जात नाहीत, शेजारीच ताटे पाठवतात. आपल्याकडे दुखवट्याच्या घरी फराळ करत नाहीत आणि आप्तेष्ट डबे घेऊन येतात, तसेच हे आहे. महाराष्ट्रातही नाताळच्या फराळाची परंपरा जुनी आहे. अहिल्यानगर, पुणे या भागांतल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात आणि वसईच्या ख्रिस्ती घरांतले नाताळचे गोड पदार्थ गोव्याच्या पदार्थांना अगदी जवळचे आहेत. म्हणजे डब्यातून गोडधोड पाठवणे ही रीत मराठी घराला समजावून सांगावी लागत नाही, आणि माझ्या मते या भेटीचे अर्धे यश तिथेच आहे.

उरलेले अर्धे यश त्या बाईंच्या मागणी घेण्याच्या पद्धतीत आहे. मैत्रिणीने नंतर सांगितले की फोन केल्यावर त्यांनी किती किलो हवे हे विचारलेच नाही. डबा ज्या घरी जायचा आहे तिथे माणसे किती आहेत, अंडे न खाणारे कोणी आहे का, आणि डबा कोणत्या वाहनाने व किती तासांनी पोचणार, हे त्यांनी आधी विचारले, आणि काय घालायचे, किती घालायचे, कशात बांधायचे हे त्या उत्तरांवरून स्वतः ठरवले. पैसे देणाऱ्याइतकीच खाणाऱ्याची चौकशी करणारा विक्रेता मला क्वचितच भेटला आहे. भेट म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तूंच्या बाबतीत घेणारा कोण आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि ते जाणून घेण्याची त्याला गरजही वाटत नाही.

डबा आला तो पत्र्याच्या एका मोठ्या चौकोनी डब्याच्या रूपात, आणि त्याच्या वर सुतळीने बांधलेला एक लहान गोल डबा. लहान डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली होती आणि तिच्यावर मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्या बाईंनी निळ्या शाईत लिहिले होते : ‘काकूंसाठी. यात अंडे नाही. चमचासुद्धा वेगळा वापरला आहे.’ काकू म्हणजे माझ्या सासूबाई. त्या अंडे खात नाहीत, आणि नाताळच्या केकपासून बाहेरच्या बिस्किटांपर्यंत प्रत्येक वस्तूच्या वेष्टणावरची बारीक अक्षरे कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. एरवी आमच्या घरी नाताळची भेट आली की त्या ‘तुम्ही खा’ म्हणून आत निघून जातात. या वेळी चिठ्ठी वाचल्यावर त्यांनी डबा स्वतःच्या हाताने उघडला आणि सगळ्यांत आधी पदार्थ त्यांनी खाल्ला. भेट मिळाल्याचे समाधान कशाला म्हणायचे हे मला त्या चिठ्ठीतल्या शेवटच्या वाक्याने जेवढे दाखवले तेवढे आतल्या कुठल्या पदार्थानेही दाखवले नसेल. अंडे नाही एवढे लिहिले असते तरी पुरे होते. पण न खाणाऱ्या माणसाच्या मनात पुढची शंका चमच्याची येते हे ज्याला कळते त्याने त्या माणसाचा खरोखर विचार केलेला असतो.

आता पदार्थांकडे वळते. मोठ्या डब्यात मानाचे स्थान अर्थातच बेबिंकाचे होते. नारळाचे घट्ट दूध, अंड्यांचे बलक, मैदा, साखर, तूप आणि जायफळ एवढ्याच सामग्रीचा हा पदार्थ. त्यात जे काही आहे ते वेळेतून आणि आचेतून येते. पीठ एकदम ओतून भाजायचे नसते. तूप सोडलेल्या भांड्यात एक पळी पीठ ओतायचे, वरून आच देऊन त्याला खरपूस तांबूस रंग येऊ द्यायचा, मग पुन्हा तूप, पुन्हा पीठ, पुन्हा आच. आधीचा थर नीट भाजल्याशिवाय पुढचा ओतता येत नाही. जुन्या पद्धतीत मातीच्या भांड्यावर झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे रचतात, कारण उष्णता वरूनच मिळायला हवी. सात थरांचा बेबिंका परंपरेने नेमका मानला जातो, सोळा थरांचेही करतात. यात घाई चालत नाही. करणाऱ्या बाईला चुलीशी किंवा ओव्हनशी कित्येक तास बसून राहावे लागते. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या एका जोगिणीने उरलेल्या बलकांचे काय करायचे म्हणून हा पदार्थ शोधून काढला अशी आख्यायिका सांगतात. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

आमच्या डब्यातला बेबिंका सात थरांचा होता. सुरीने कापल्यावर कडेला फिकट पिवळा आणि गडद तपकिरी असे पट्टे एकाआड एक स्पष्ट दिसत होते, आणि दोन थरांच्या मध्ये तुपाची बारीक रेघ होती. कारखान्यातून पाकिटबंद होऊन येणारा बेबिंका मी पूर्वी खाल्लेला आहे. त्यात थर मोजता येतात, पण चव सगळीकडे सारखीच लागते आणि पोत रबरासारखा चिवट असतो. इथे प्रत्येक थराचा भाजलेला पापुद्रा किंचित कडवट लागत होता, त्याच्या खालचा भाग खरवसासारखा मऊ होता, आणि जायफळाचा वास सगळे चावून झाल्यावर मागाहून येत होता. सर्वांत वरचा थर जरा जास्त भाजला गेला होता. माझ्या मुलाला तो आवडला नाही, मला मात्र तोच भाग सर्वांत चांगला वाटला, कारण साखर जिथे जळण्याच्या बेताला येते तिथे नारळाच्या दुधाचा गोडमिट्टपणा कापला जातो. हा पदार्थ थंड खाऊ नये. फ्रिजमधून काढून तव्यावर अगदी मंद आचेवर कोमट केला की तूप सैल होते आणि थर अलगद सुटतात. ही सूचनाही डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवलेली होती, आणि ती नसती तर आम्ही बहुधा थंडच खाऊन मोकळे झालो असतो.

दोदोल या पदार्थाविषयी महाराष्ट्रात फारसे बोलले जात नाही, ते बोलले जायला हवे. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि गोव्याचा माडाचा काळा गूळ हे एकत्र करून जाड बुडाच्या भांड्यात सतत ढवळत शिजवायचे. काजूचे तुकडे घालायचे. मिश्रण भांड्याच्या कडा सोडू लागले आणि नारळाचे तेल बाहेर सुटून पृष्ठभाग चकाकू लागला की दोदोल झाला. ढवळणे मध्येच थांबवले तर तळाला लागतो, म्हणून मोठ्या घरांत माणसे आळीपाळीने ढवळायला बसतात. आमच्या डब्यातला दोदोल जवळजवळ काळा होता, बोटाने दाबला तर दबायचा आणि पुन्हा वर यायचा. उसाच्या गुळाने असा रंग आणि असा किंचित खारट, धुरकट गोडवा येत नाही. दुकानात मिळणारे काही दोदोल खाताना साध्या गुळाने काम भागवलेले कळते, इथे तसे नव्हते. दोदोलमध्ये अंडे नसते, त्यामुळे तो दोन्ही डब्यांत होता, आणि सासूबाईंचा निकाल असा की आयुष्यात खाल्लेल्या शिऱ्या-वड्यांमध्ये हा वेगळाच आहे आणि तो रोज एकच तुकडा खावा. नाताळनंतर दोन आठवडे तो फ्रिजमध्ये उत्तम टिकला.

कुलकुल हा पदार्थ आपल्या शंकरपाळ्यांच्या कुळातला, पण घडवण्यात अधिक नाजूक. पिठाची लहान गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कंगव्यावर दाबून गुंडाळतात, त्यामुळे तिला शिंपल्यासारखा वळसा आणि अंगावर बारीक रेघा येतात. मग ती तळून साखरेच्या पाकात घोळतात. गोव्यात त्यांच्या आकारामुळे त्यांना किडयो असेही म्हणतात. घरातली सगळी माणसे, मुलांसह, टेबलाभोवती बसून हे वळतात, आणि आमच्या डब्यात ते दिसतही होते : काही कुलकुल एकसारखे घट्ट वळलेले, काही जाडे, एक-दोन तर वळसा उलगडून सपाटच तळले गेलेले. मूठभर घेऊन पाहिले की एका घरातली निदान तीन-चार वेगवेगळी बोटे ओळखता येत होती. यंत्राने कापलेल्या पदार्थात असा फरक आला तर तो दोष मानावा लागेल; नाताळच्या भेटीत मला तो हवासा वाटला.

नेवऱ्यांच्या बाबतीत मात्र तक्रार आहे. नेवरी म्हणजे करंजीच, गोव्यातले हिंदू ती चतुर्थीला करतात आणि ख्रिस्ती नाताळला. यातले सारण ओल्या खोबऱ्याचे होते आणि ते पुरेसे परतलेले नव्हते. पहिल्या दिवशी नेवऱ्या सुरेख खुसखुशीत लागल्या, पण तिसऱ्या दिवसापासून पारी मऊ पडू लागली आणि चौथ्या दिवशी खोबऱ्याला किंचित वास यायला लागला. दूरच्या प्रवासाला पाठवायच्या नेवऱ्यांत सुके खोबरे, रवा, तीळ आणि काजू असे कोरडे सारण घालणे हाच योग्य मार्ग आहे. कोणत्याही पदार्थावर तो कधी केला याची तारीख नव्हती, ही उणीवही याच प्रसंगात जाणवली. डबा किती तासांत पोचेल हे आवर्जून विचारणाऱ्या बाईंनी कोणता पदार्थ आधी संपवायचा हेही लिहून दिले असते तर चार नेवऱ्या टाकून द्याव्या लागल्या नसत्या. फळांचा केक चांगला होता, पण त्याच्याविषयी विशेष लिहिण्यासारखे काही नाही. असा केक पुण्यात कॅम्पातल्या बेकऱ्यांतही मिळतो. बोलिन्हास, म्हणजे रवा, खोबरे आणि बलक यांची वर आडव्या-उभ्या रेघा ओढून भाजलेली बिस्किटे, बाहेरून कडक आणि आतून दाणेदार होती व चहाबरोबर सर्वांत आधी संपली.

सासूबाईंच्या लहान डब्यात दोदोलखेरीज तीन पदार्थ होते. चण्याच्या डाळीचे दोस त्यांना लगेच ओळखीचे वाटले. शिजवून वाटलेली डाळ, खोबरे, साखर आणि तूप एकत्र आटवून थापायचे आणि वर तिरक्या रेघा पाडून शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या कापायच्या, म्हणजे पुरणाशी याचे जवळचे नाते आहे. पण पुरण मऊ ठेवायचे असते आणि हे वडी धरेपर्यंत आटवावे लागते. पिनाग हा भाजलेल्या उकड्या तांदळाचे पीठ, गूळ आणि खोबरे यांचा, दोन्ही टोकांना निमुळता असा हाताने वळलेला पदार्थ. तो खरखरीत असतो आणि पहिल्या घासाला साधा वाटतो, पण तांदूळ नीट भाजलेला असेल तर त्याचा खमंगपणा जिभेवर बराच वेळ राहतो. पेराद, म्हणजे पेरूचा गर साखर आणि लिंबाच्या रसासह कडा सोडेपर्यंत आटवून केलेल्या वड्या, चवीला सुंदर होत्या. मात्र त्या ज्या कागदात गुंडाळल्या होत्या तो कागद त्यांना असा चिकटला होता की सासूबाईंना तो पाण्याच्या हाताने सोलून काढावा लागला. कागदाला तूप लावायला हवे होते, किंवा वड्या साखरेत घोळवायला हव्या होत्या.

या डब्याची किंमत किती हे मी मैत्रिणीला विचारले नाही आणि म्हणून इथे देत नाही. किमतीचा मुद्दा मात्र टाळता येत नाही, कारण नाताळच्या भेटींवर सर्वांत गाजलेला आक्षेप किमतीवरूनच घेतला गेला आहे. तेव्हा अमेरिकेतल्या येल विद्यापीठात असलेले अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. भावनिक मोल बाजूला ठेवले तर नाताळला मिळालेल्या वस्तूसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजाल, असे त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले आणि ती रक्कम देणाऱ्यांनी खर्च केलेल्या रकमेशी ताडून पाहिली. त्यांचा निष्कर्ष असा की भेटवस्तूंच्या किमतीचा दहा टक्क्यांपासून एकतृतीयांशापर्यंतचा भाग वाया जातो, कारण घेणाऱ्याला ती वस्तू तेवढ्या मोलाची वाटत नाही. हा निष्कर्ष मला बऱ्याच भेटींच्या बाबतीत पटतो. दरवर्षी डिसेंबरमध्ये एका संस्थेकडून आमच्याकडे एक मोठी टोपली येते. तिच्यात कागदाच्या कातरणांचा ढीग असतो आणि त्यावर संस्थेचे चिन्ह छापलेला कप, सुगंधी मेणबत्ती, चहाची पुडी आणि बिस्किटांची एक बरणी मांडलेली असते. टोपली दिसायला देखणी असते, ती पाठवणाऱ्यांचा हेतूही चांगला असतो. पण तिच्यातली एकही वस्तू आमच्यासाठी निवडलेली नसते, कारण शेकडो घरी तीच टोपली जाते. कप कपाटात जातात, मेणबत्ती कोणी लावत नाही आणि टोपली ठेवायला जागा शोधावी लागते. घेणाऱ्यावर काही सांभाळण्याची जबाबदारी टाकणारी वस्तू कितीही महाग असली तरी तिच्याविषयी मनात कृतज्ञता टिकत नाही.

बार्देसच्या डब्याला मात्र वॉल्डफोगेल यांची कसोटी लावताच येत नाही, आणि का लावता येत नाही हे महत्त्वाचे आहे. भावनिक मोल बाजूला ठेवा असे म्हटले तर या डब्यातून नेमके काय बाजूला ठेवायचे? वेगळ्या चमच्याने केलेले दोस ही भावना आहे की वस्तू? ज्या घरात अंडे न खाणारे माणूस आहे त्या घरासाठी ती सरळसरळ वस्तूची गुणवत्ता आहे. बेबिंकाच्या थरांमागचे तास हेही केवळ मनात मानून घ्यायचे काही नाही. घाई केली असती तर ते चवीत कळले असते. देणाऱ्याचा विचार जेव्हा वस्तूतच उतरतो आणि खाणाऱ्याला तो जिभेला कळतो, तेव्हा भेट आणि तिच्यामागची माया वेगळ्या करून मोजता येत नाहीत. माझ्या मते मनापासून समाधान देणारी नाताळभेट ओळखण्याची खूण हीच आहे, आणि या डब्याचे परीक्षण लिहावेसे वाटले तेही यासाठीच.

आणखी एक निरीक्षण इथे लागू पडते. ग्राहकांच्या वागण्याचा अभ्यास करणारे अमेरिकेतले संशोधक जेफ गॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडले की देणारा माणूस भेट हातात ठेवण्याच्या क्षणाकडे पाहतो, समोरच्याला आश्चर्य वाटावे, त्याचा चेहरा खुलावा अशी त्याची इच्छा असते. घेणारा मात्र ती वस्तू पुढे किती दिवस आणि कशी उपयोगी पडेल याचा विचार करतो. आमच्या डब्यात उघडण्याच्या क्षणासाठी काहीच केलेले नव्हते. रंगीत कागद नाही, फीत नाही, सुतळी आणि पत्रा. पण नाताळपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत तो घरात रोज उघडला जात होता. दुपारच्या चहाला कुलकुल, कोणी आले की बोलिन्हास, रात्री जेवणानंतर बेबिंकाचा कोमट तुकडा. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना दोदोल दिला, कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलांसाठी केक बांधून दिला. जी भेट पुढे वाटता येते, आणि वाटल्याने देणाऱ्याचा अपमान होत नाही, तिचा आनंद घेणाऱ्याला दुहेरी मिळतो. कप किंवा मेणबत्ती दुसऱ्याला दिली की मनात खंत राहते. मिठाई तर वाटण्यासाठीच असते.

परतफेडीचे ओझेही इथे नव्हते. दिवाळीत आमच्याकडून मैत्रिणीकडे फराळ जातो, नाताळला तिच्याकडून डबा येतो. आपल्याकडे आलेला डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चमचाभर साखर तरी घालतात. सासूबाईंनी पत्र्याच्या दोन्ही डब्यांत तिळाचे लाडू भरून संक्रांतीला ते परत पाठवले. कोणी कोणाला किती रुपयांचे दिले हा हिशेब या देवाणघेवाणीत शिरूच शकत नाही, कारण लाडू आणि बेबिंका यांची तुलना कोणी करणार नाही. महागड्या एका वस्तूच्या बदल्यात तेवढीच महागडी वस्तू शोधत फिरण्याची जी दमणूक हल्ली डिसेंबरमध्ये अनेक घरांत दिसते, ती या रीतीने आपोआप टळते.

गुणदोष एकत्र धरून पाहिले तर दोदोल, बेबिंका आणि लहान डब्यातले दोस यांच्यासाठी मी या बाईंकडे पुन्हा जाईन आणि इतरांनाही जायला सांगेन. नेवऱ्या दूरच्या गावी पाठवायच्या असतील तर त्या वगळाव्यात किंवा कोरड्या सारणाच्या मागाव्यात. मधुमेह असलेल्या घरी हा डबा पाठवू नये. यातला एकही पदार्थ साखर कमी करून नीट होत नाही, आणि तिथे त्याऐवजी गोव्याचे काजू पाठवणे अधिक विचाराचे ठरेल.

मागवू इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गोव्यात घरी करणाऱ्या बाई डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर बहुधा नवी मागणी घेत नाहीत, म्हणून नोव्हेंबरमध्येच बोलून ठेवावे. ज्यांच्या घरी डबा जायचा आहे तिथली माणसे, त्यांची पथ्ये आणि पोचण्याचा दिवस या गोष्टी करणाऱ्याने विचारल्या नाहीत तरी आपण होऊन सांगाव्यात. काही घरांत कुलकुलच्या पिठातही अंडे घालतात, तेव्हा ते स्वतंत्रपणे विचारून घ्यावे. प्रत्येक पदार्थावर तो केल्याची तारीख लिहायला सांगावे. डबा रात्रीच्या बसने येणार असेल तर बेबिंका कापून न मागवता अखंड मागवावा, कारण कापलेल्या कडा बसच्या उष्णतेत तूप सोडतात आणि ते तूप शेजारच्या बोलिन्हासमध्ये मुरून त्या मऊ पडतात.